चिंचेवरचा वेल

सुताराच्या बायकोने तो वेल घरी आणला तेव्हा तो औषधाच्या रिकाम्या बाटलीत मावत होता. शहरातल्या बहिणीकडे टीव्हीशेजारी मनीप्लांट होतं, त्याची एक काडी तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. घरात काही त्या काडीने जीव धरला नाही. पिवळी पडली, तशी बाईने ती उचलून मागच्या चिंचेच्या बुडाशी खोचली आणि विसरून गेली.

चिंच जुनी. दोघांनी हात पसरले तरी कवेत न येणारी. तिचा खडबडीत बुंधा मिळाल्यावर त्या काडीला काय बळ आलं देव जाणे. पानं आधी तळहाताएवढी झाली, मग ताटाएवढी, मग सुपाएवढी. देठ मनगटासारखे जाड झाले, आणि पेरापेरातून फुटलेल्या मुळ्या घोणीच्या पायांसारख्या सालीत रुतल्या. वेल बुंधा सोडून फांद्यांवर गेला, फांद्यांवरून खाली लोंबला, लोंबून पुन्हा वर चढला. नवख्या माणसाला आता हे चिंचेचं झाड आहे असं सांगावं लागे. येणारेजाणारे थट्टा करीत. "सुतारा, दारात एवढं मनीप्लांट, आणि तुझ्या स्वतःच्या दाराला कडी नाही." सुतारही हसे. त्याचं सगळं काम त्या चिंचेखाली चाले. फळ्या तिच्याच सावलीत सुकत. ती नसती तर पत्र्याच्या शेडमध्ये माणूस भाजून निघाला असता.

पावसाळ्याच्या तोंडाशी वारं सुटलं आणि एका दुपारी वेलाने लगडलेली एक फांदी कडाडून मोडली. ती पडली भिंतीपलीकडे, गवळ्याच्या गोठ्यावर. पत्रा वाकला, एका गाईची पाठ सोलून निघाली.

गवळी संध्याकाळी आला. सुतार आणि तो एकाच वयाचे, एकाच शाळेत बसलेले, मधल्या भिंतीच्या अल्याडपल्याड जन्म काढलेले. तो फळ्यांच्या चळतीवर बसला आणि म्हणाला, "मी भांडायला आलो नाही. पण हे आता माझ्या गुरांच्या डोक्यावर आहे."

"झाड आपल्या दोघांच्या आधीचं आहे."

"झाडाला कोण काय म्हणतंय? वेलाचं बोलतोय मी. सगळं ओझं त्याचं. तो उतरव. नाहीतर माझ्या बाजूच्या फांद्या मी बुडातून तोडतो. चार माणसांना विचारून आलोय, माझा हक्क आहे म्हणाले."

अर्धी चिंच तोडली तर उरलेली अर्धी एका बाजूला कलणार आणि एखाद्या वादळात मुळासकट येणार, हे सुताराला कळत होतं. गवळ्यालाही कळत असावं, कारण तो लगेच खालच्या आवाजात म्हणाला, "हवं तर वर मी चढतो. तू खाली थांब."

सुताराची बायको दारात उभी होती. बरं वाटलं तिला ते ऐकून. पण सुतार म्हणाला, "तू तुझी गुरं सांभाळ. लाकडाचं काम मला शिकवू नकोस."

लाकडाचं काम त्याला शिकवायची गरज नव्हतीच. पण त्याच्याकडे झाडं येत ती आडवी होऊन. उभ्या झाडावर तो आयुष्यात चढला नव्हता. लहानपणी गवळी शेंड्यावरून चिंचा टाकी आणि हा खाली सदरा पसरून उभा राही. सगळ्यांना वाटे, दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. वर नुसतं पाहायचीही सुताराला भीती वाटते हे कुणाच्या कधी ध्यानात आलं नाही, आणि त्याने येऊही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला. जमिनीवरचं काम त्याने झकास केलं. कमरेच्या उंचीवर बुंध्याभोवती सगळे देठ करवतीने कापले. खालचा भाग नुसता ओढून काढला असता तर साल सोलली गेली असती, म्हणून त्याने पटाशीने एकेक मूळ अलगद सुटं केलं. बायको तुटलेली पानं ओढून ढीग करत होती. वेलाचा चीक हातावर उडून खाज सुटली, कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं. संध्याकाळी ती त्याच्या हाताला तेल चोळायला बसली तेव्हा तो खुशीत होता. "मूळच तोडलं. आता वरचा आपोआप वाळेल. चढायचं कामच नाही."

वेल वाळला नाही. फांद्यांच्या बेचक्यांत कुजक्या पाल्याची माती साचली होती, सालीच्या भेगांत ओल होती, तेवढ्यावर तो वरच्या वर जगला. उलट त्याला नवी कोवळी पानं फुटली. गवळी रोज सकाळी धारा काढून झाल्यावर भिंतीपाशी यायचा, वर बघायचा आणि एक अक्षर न बोलता परत जायचा. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं सुताराला व्हायचं. मग पुन्हा वारं सुटलं आणि गोठ्यावरचा लोंबता झुबका झोपाळ्यासारखा हलायला लागला.

"भाऊजींना सांगू का?" बायकोने भिंतीपलीकडे गोठ्याकडे बघत विचारलं.

"मी मेलोय का?"

त्याने दोन शिड्या एकाला एक जोडून लांब शिडी केली. जोड इतका पक्का की त्यावरून हत्ती चढला असता. सकाळची उन्हं अंगावर आली तशी त्याने शिडी बुंध्याला टेकवली, कोयता कमरेला खोचला आणि चढायला लागला. बायकोने खालून शिडी धरली होती. तो समोरच्या सालीकडे बघत, मनातल्या मनात काहीबाही पुटपुटत, पहिल्या मोठ्या बेचक्यापर्यंत पोचला आणि शिडी सोडून बेचक्यात बसला. पोचलो, असं वाटून त्याला इतका आनंद झाला की त्याने खाली हाक मारली, "तू तो पाला बाजूला कर. माझी काळजी करू नकोस."

ती पाल्याच्या ढिगाकडे गेली. त्याने फांदीवर अंग टाकून गोठ्यावरच्या झुबक्याचा जाड देठ हेरला आणि कोयत्याचे घाव घातले. देठ तुटला. एवढं मोठं ओझं एकदम सुटलं, खाली जाताना शिडीला घासून गेलं, शिडी एका अंगाला सरकली. आणि इतकी वर्षं दबलेली फांदी हलकी होऊन सुताराला घेऊन वर उसळली.

झालं ते एवढंच. फांदी दोनदा झुलली आणि थांबली. पण सुताराने तिला जी मिठी मारली ती सुटेना. कोयता केव्हाच खाली पडला होता. गाल सालीला चिकटलेला, डोळे मिटलेले.

"अहो," बायको खालून म्हणाली, "या ना खाली."

"येतो."

बराच वेळ गेला. तिने शिडी सरळ केली, घट्ट धरली. "मी धरलीये. या."

"येतो म्हटलं ना."

त्याचा आवाज ऐकून ती समजली. पुढे काही न विचारता ती भिंतीला वळसा घालून गोठ्याकडे धावली.

गवळी शेणाच्या हातांनीच आला. शिडीवरून सरसर चढला. मागच्या रस्त्यापलीकडे पंक्चरवाल्याच्या दुकानात दोघंतिघं उभे राहून बघायला लागले होते. एवढ्या लांबून त्यांना पानांतून सुताराचे पाय आणि शिडीवरचा गवळी, एवढंच दिसत असावं.

"काय करतोयस?" गवळ्याने विचारलं.

"बघतोय. कुठली तोडायची ते."

"बरं. बघून झालं असेल तर उतरू." गवळ्याने आपला खांदा त्याच्या मांडीखाली दिला. "डावा पाय मोकळा सोड. मी धरलाय तो."

सुताराने पायाला सांगितलं. पाय ऐकेना. गवळ्याने तो हाताने सोडवून पायरीवर ठेवला. भार फांदीवरून शिडीवर आला तेव्हा शिडी जराशी लवली. सुताराच्या पायजम्यातून ऊन ऊन ओल मांडीवरून खाली आली. ती थांबवणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. ती गवळ्याच्या खांद्यावर गळली, सदऱ्यातून पाठीवर गेली.

गवळी हलला नाही. मग तो म्हणाला, "हं. आता उजवा."

असं एकेक पाऊल हातात धरून त्याने त्याला खाली आणलं. जमिनीला पाय लागल्यावर सुतार बसायला लागला, तर गवळ्याने त्याला बसू दिलं नाही. दंडाला धरून गोठ्यातल्या हौदापाशी नेलं, बादली भरली आणि त्याच्या डोक्यावरून ओतली. दुसरी स्वतःच्या अंगावर घेतली. मागून आलेल्या बाईला म्हणाला, "ऊन लागलंय याला, वहिनी. सावलीत बसवा. पाणी पाजा." आणि निथळत्या अंगानेच गाईंपुढे वैरण टाकायला निघून गेला.

दिवसभर सुतार घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. संध्याकाळी त्याला वाटलं, असंच पडून राहिलो तर लोक म्हणतील काहीतरी आहे. म्हणून तो उठला, धुतलेला सदरा घातला आणि न्हाव्याच्या दुकानात गेला. त्या वेळी तिथे नेहमीची मंडळी असत. पंक्चरवाला होता, पोस्टातून निवृत्त झालेले अण्णा होते.

"काय, अडकला होतास म्हणे वर?" पंक्चरवाल्याने विचारलं.

"अडकतोय कशाला. शिडी हलली."

हे खोटं नव्हतं. शिडी हललीच होती. पण न्हावी कात्री थांबवून म्हणाला, "तू केलेली शिडी? ती कशी हलेल?"

सुताराच्या हातच्या जोडावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. तो चटकन बोलून गेला, "आपोआप हलत नाही शिडी. कुणी हलवली ते मी सांगत नाही. जाऊ दे."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"मी बघितलं ना," पंक्चरवाला सावकाश म्हणाला. "गवळी शिडीवर होता. मला तेव्हाच वाटलं, हा इथे काय करतोय."

"फांद्या तोडायच्याच होत्या त्याला," अण्णा म्हणाले. "चार माणसांना विचारून ठेवलंय त्याने."

सुतार काही बोलला नाही. त्याच वेळी तोंड उघडलं असतं तर निभावलं असतं. त्याने समोरच्या आरशात बघितलं, केसांवरून हात फिरवला आणि कडवट हसला. त्या हसण्याने उरलेलं काम केलं. घरी जाताना त्याला बरं वाटत होतं. इतकं बरं, की त्याने बायकोला आपणहून पाणी हवं का विचारलं.

गावात बोलणं पसरायला वारा लागत नाही. दुसऱ्याच दिवशी न्हाव्याच्या घरून निरोप गेला, दूध नको. मग अण्णांनी नको म्हटलं. जो शिडी हलवतो तो दुधात काय काय घालत असेल, असं कुणीतरी बोललं आणि ते सगळ्यांना पटलं. गवळ्याच्या सायकलच्या किटल्या जशा भरून जात तशा भरूनच परत यायला लागल्या. भिंतीपलीकडे त्याची बायको उरलेलं दूध आटवत बसे. त्याचा वास सुताराच्या शेडमध्ये येई आणि रंधा मारता मारता त्याचा हात थांबे.

मग एका संध्याकाळी दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. हत्यार कोणतं ते सुताराला आवाजावरूनच कळलं. गवळी कुऱ्हाडीला धार लावत होता.

सुताराची बायको गवळ्याकडून दूध घेऊन आली. तांब्या काठोकाठ भरलेला होता. तो तिने जपून ओट्यावर ठेवला आणि पदराने हात पुसत म्हणाली, "भाऊजींची बायको हवं तेवढं घ्या म्हणाली. उरलंय म्हणाली. आणखी काही बोलली नाही."

सुतार जेवत होता. मान खाली घालून जेवत राहिला.

"शिडी भाऊजींनी हलवली म्हणतात सगळे. नळावर ऐकलं मी."

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"नाव लोकांनी घेतलं. तुम्ही घेऊ दिलंत."

"तुला काय माहीत मी काय बोललो ते."

"चिंचेखाली मी होते." ती चुलीकडे वळली. मग पाठमोरीच म्हणाली, "आणि त्या दिवशीचे तुमचे कपडे मी धुतले."

घास त्याच्या तोंडातच राहिला. बादलीभर पाण्याने सगळं धुऊन गेलं असं तो धरून चालला होता. इतके दिवस तिला माहीत होतं. तिने ताट वाढलं होतं, शेजारी अंथरूण घातलं होतं, आणि डोळ्यांतसुद्धा काही दिसू दिलं नव्हतं. गवळ्याने झाकलं, हिने झाकलं. उघडा पडायचं भय तेवढं त्याला एकट्याला, आणि त्यासाठी त्याने दुसऱ्याला उघडं पाडलं. ताटावरून उठून तो हात धुवायला मागे गेला, आणि हात धुऊन झाले तरी तिथेच उभा राहिला. वर चिंचेत वेलाची ती सुपाएवढी पानं वाऱ्याने एकमेकांवर आपटत होती.

दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी देऊन तो न्हाव्याकडे गेला. न्हावी अण्णांची दाढी करत होता. पंक्चरवाला पाटावर बसून पेपर वाचत होता.

"त्या दिवशीचं," सुतार उभ्याउभ्याच म्हणाला, "गवळ्याने शिडी हलवली नाही. तोडलेला वेल लागून हलली. तो मला उतरवायला आला होता."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. न्हावी हसला. "भला आहेस तू."

"भला नाही. खरं सांगतोय."

"शेजार आहे, सांभाळून घ्यावं लागतं," अण्णा साबणाच्या फेसातून म्हणाले. "दुसरा असता तर त्याला चव्हाट्यावर आणलं असतं. तू पाठीशी घालतोयस. असं मन पाहिजे माणसाचं."

"त्याने दमबीम दिला का तुला?" पंक्चरवाल्याने पेपर खाली ठेवला. "सांग. आम्ही आहोत."

खोटं सुतार अर्धं बोलला आणि सगळ्यांना पटलं. खरं पुरतं सांगतोय तर त्याचंच नाव मोठं होतंय. इथून असंच परत जाता आलं असतं. घरी सांगता आलं असतं, बोललो मी, त्यांना पटत नाही त्याला मी काय करू. दाराच्या चौकटीवर त्याचा हात होता. ती चौकट त्यानेच बसवली होती.

"ऐका," तो म्हणाला. "मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. वर गेलो आणि मला हलता येईना. फांदीला चिकटून बसलो, बायकोला गवळ्याला बोलवायला लागलं. त्याने माझे पाय हातात धरून एकेक पायरी उतरवलं. आणि उतरताना मी..." त्याने चौकट घट्ट धरली. "मला लघवी झाली. त्याच्या अंगावर. म्हणून त्याने मला हौदावर नेऊन पाणी ओतलं. तुम्ही लांबून बघितलंत ते हे."

न्हाव्याचा वस्तरा अण्णांच्या गालापासून वीतभर लांब थांबला. पंक्चरवाल्याने पेपर पुन्हा उचलून तोंडापुढे धरला आणि पेपर थरथरायला लागला.

"हसू नका रे," न्हावी म्हणाला, आणि तोच आधी फुटला. मग अण्णा, फेसासकट. पंक्चरवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे," त्याला धड बोलता येईना, "म्हणजे गवळ्याला दुधात पाणी घालायची गरजच नाही. हा वरून घालतोय."

सुतार त्यांचं हसणं संपेपर्यंत उभा राहिला. आधी निघून गेलो तर यांना वाटेल थट्टाच करून गेला, अशी त्याला भीती होती. हसू ओसरल्यावर त्याने विचारलं, "मग दुधाचं काय?"

"सांगतो घरी," न्हावी डोळे पुसत म्हणाला. "उद्यापासून घ्यायला सांगतो."

संध्याकाळपर्यंत सुताराला नवं नाव पडलं होतं. नळ. शाळेतून सुटलेली पोरं शेडच्या मागून "नळ आला, नळ आला" असं ओरडून पळाली. गिऱ्हाईक आलं ते पाटाचं माप देताना ओठ दाबून होतं. बायकोने सगळं ऐकलं होतं. त्याच्या हातावरचं पुरळ अजून गेलं नव्हतं, त्याला तिने तेल लावलं, एवढंच.

सकाळी गवळी भिंतीला वळसा घालून आला तेव्हा सुतार करवतीचे दात घासत होता. आधी त्याने गवळ्याच्या हाताकडे पाहिलं. हातात कोयता होता. कुऱ्हाड नव्हती.

गवळी चिंचेखाली उभा राहून वर बघत राहिला. मग म्हणाला, "सगळं सांगायची काय गरज होती? नुसतं शिडीचं सांगायचं होतंस."

"शिडीचं पटत नव्हतं त्यांना."

"माझ्या घरातसुद्धा माहीत नव्हतं. आता ती म्हणते, तो सदरा जाळा." त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण तो हसला नाही. "एक सांगून ठेवतो. माझ्या नावावर तू जे खपू दिलंस ते मी विसरणार नाही. विसरलो असं कधी म्हणालो तरी खरं धरू नकोस."

"नाही धरणार."

"गाईंनी पान्हा चोरला नाही, माणसांनी दार लावलं. दूध ओतून द्यावं लागलं मला."

सुतार उठला आणि शिडी आणायला गेला.

शिडी लागली. गवळी चढला, बेचक्यात पाय रोवून उभा राहिला आणि वेलावर कोयता चालवायला लागला. ओझी सुटत होती, धप्प धप्प खाली येत होती. एकेक फांदी मोकळी होऊन वर उठत होती, आणि मध्येच कुठेतरी चिंचेचा बारीक हिरवा पाला दिसायला लागला होता. पडलेलं बाई ओढून नेत होती. सुतार दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. त्याला शिडी सोडून कुठे जाता येत नव्हतं, तोंडही फिरवता येत नव्हतं.

रस्त्यापलीकडे दुकान उघडलं. पंक्चरवाल्याने टायर बाहेर मांडले, दोनचार जण जमले.

"नळा," तिकडून हाक आली, "घट्ट धर रे. आणि छत्री घे डोक्यावर, आज गवळी वर आहे."

हसण्याचा आवाज रस्ता ओलांडून आला. सुताराचे कान तापले. वर कोयता थांबला. गवळी फांदीवर वाकून रस्त्याकडे बघत होता, हे सुताराला न बघताही कळलं. आता हा काय बोलतो, की हाही हसतो, म्हणून त्याने मान वर केली.

"वर बघू नकोस," गवळी म्हणाला. "कचरा पडतोय. डोळ्यांत जाईल."

आणि कोयता पुन्हा चालू झाला.

सुताराने मान खाली घातली. पानांचा चुरा, कुजकी माती आणि मुंग्या त्याच्या मानेवर पडत राहिल्या, सदऱ्याच्या आत गेल्या. त्याने शिडीवरचे हात काढले नाहीत.